पुण्यातली एफ.डी. आणि आय.आर.एस.: भारतातल्या खात्यावर अमेरिकेची जप्ती येऊ शकते का?



जानेवारी संपत आला, डब्ल्यू-२ आणि १०९९ टपालात पडू लागले, की मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर एक प्रश्न हमखास फिरतो. "भारतातल्या आपल्या खात्यातले पैसे आय.आर.एस. उचलू शकते का हो?" उत्तर देणारेही तयारच असतात. एक गट म्हणतो, अमेरिकेचा कायदा अमेरिकेत, सदाशिव पेठेतल्या बँकेत त्यांना कोण विचारतो? दुसरा गट इतका घाबरलेला असतो की वडिलांच्या खात्यावरचे आपले नाव घाईघाईने काढून मोकळा झालेला असतो. दोघांचेही अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे महागात पडू शकते. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रक्कम मोठी असेल किंवा आय.आर.एस.चे पत्र आलेले असेल तर परदेशी खात्यांचा अनुभव असलेला सी.पी.ए. किंवा टॅक्स वकील गाठावा. प्रत्येक सी.पी.ए.ला भारतीय खाती कळतातच असे नाही. पी.पी.एफ. म्हणजे काय हे त्याला तुम्हालाच समजावून सांगावे लागले, तर दुसरा शोधावा.

थोडक्यात उत्तर

पुणे, नाशिक किंवा सांगलीच्या बँकेला थेट जप्तीची नोटीस धाडून आय.आर.एस. तुमची एफ.डी. मोडायला लावू शकत नाही. पण तुम्ही अमेरिकेत राहत असाल, इथे पगार घेत असाल, इथे घर असेल, तर तसे करण्याची तिला फारशी गरजही पडत नाही. पैसा तिकडे असला तरी माणूस इकडे आहे, आणि अमेरिकन कायद्याचा हात माणसापर्यंत पोचतो.

इथली जप्ती कशी होते

आधी कर ठरवला जातो, मग मागणीची नोटीस येते. ती भरली नाही की तुमच्या सगळ्या मालमत्तेवर सरकारचा बोजा चढतो. सातबारावर सोसायटीचा बोजा चढतो तसाच समजा, फक्त हा सगळ्या मालमत्तेवर असतो, आणि अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने त्यात भारतातले खातेही आले. बोजा म्हणजे जप्ती नव्हे. जप्तीच्या आधी अखेरची नोटीस येते आणि सुनावणी मागायला ३० दिवस मिळतात. त्यानंतर इथल्या बँकेला जप्तीचा कागद गेला, तर बँक २१ दिवस पैसे अडवून ठेवते आणि मग सरकारला देते. पगार, ब्रोकरेज खाते, टॅक्सचा रिफंड, अगदी ४०१-के सुद्धा यातून सुटत नाही. कर वसूल करायची मुदत साधारणपणे कर ठरल्यापासून १० वर्षे असते.

एक अपवाद लक्षात ठेवा. माणूस पैसे लपवतो आहे किंवा देशाबाहेर हलवतो आहे अशी आय.आर.एस.ची खात्री झाली, तर हे सगळे टप्पे न थांबता तातडीने कर ठरवून जप्ती करता येते. थकबाकीची नोटीस हातात पडल्यावर घाईघाईने पैसे भारतात पाठवणारा माणूस नेमके हेच ओढवून घेतो.

भारतातली बँक त्यांचे का ऐकत नाही

एका देशाचा कर दुसऱ्या देशाच्या कोर्टाने वसूल करून द्यायचा नाही, असा जुना दंडक आहे. गंमत म्हणजे त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध खटल्यांपैकी एकात हात चोळत बसण्याची पाळी भारत सरकारवर आली होती. दिल्लीला वीज पुरवणारी एक कंपनी होती, नोंदणी मात्र इंग्लंडमधली. १९४७ मध्ये तिने आपला धंदा भारत सरकारला विकला, पैसे इंग्लंडला गेले आणि पुढे कंपनीच गुंडाळायला काढली. विक्रीच्या नफ्यावरचा कर भारत सरकारने मागितला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९५५ मध्ये निकाल लागला: परक्या सरकारचा कर इंग्लंडच्या कोर्टातून वसूल होणार नाही. 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया विरुद्ध टेलर' या नावाने हा निकाल आजही ठिकठिकाणी आधाराला घेतला जातो.

भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही तेच तत्त्व आहे. ठरावीक देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे पैशाचे हुकूमनामे भारतात सरळ अंमलात आणता येतात, ते कलम ४४-अ खाली. त्या देशांच्या यादीत अमेरिका नाही. आणि असती तरी, कर किंवा दंडाची रक्कम त्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे.

मग राहतात करार. काही देशांनी अमेरिकेशी एकमेकांचा कर वसूल करून देण्याचा करार केला आहे: कॅनडा, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, आणि अलीकडे जपान. त्यामुळे टोरांटोच्या बँकेत पैसे ठेवून निश्चिंत बसलेल्याची गोष्ट वेगळी. भारत या यादीत नाही. भारत-अमेरिका दुहेरी करविषयक करार १९८९ चा आहे, त्यात माहितीची देवाणघेवाण आहे. शिवाय करविषयक परस्पर साहाय्याचा एक बहुराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात २०१२ पासून आहे. त्या करारात वसुलीचेही प्रकरण आहे, पण आम्ही इतरांसाठी वसुली करून देणार नाही असे अमेरिकेनेच लिहून दिले आहे. जो दुसऱ्याचे काम करत नाही त्याला ते मागताही येत नाही.

इथपर्यंत पहिला गट खूश होईल. पुढे वाचा.

बँकेची शाखा न्यूयॉर्कमध्येही असेल तर?

स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा, बँक ऑफ इंडिया यांच्या शाखा न्यूयॉर्कमध्ये आहेत. मग तिथे नोटीस देऊन पुण्याच्या शाखेतले पैसे मागता येतील का? हा प्रश्न वेगळ्या बँकेच्या निमित्ताने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९६५ मध्येच आला. ओमर नावाची उरुग्वेची एक कंपनी होती, तिच्यावर सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर कर लावलेला. तिचे पैसे फर्स्ट नॅशनल सिटी बँकेच्या, म्हणजे आजच्या सिटीबँकेच्या, माँटेव्हिडिओ शाखेत होते. कोर्टाने बँकेला बजावले की खटला चालू असेपर्यंत ते पैसे हलू द्यायचे नाहीत. बँक आमच्या अधिकारात आहे ना, मग तिच्या परदेशी शाखेतले पैसेही गोठवता येतात, असा त्याचा अर्थ.

आज आय.आर.एस.च्या नियमावलीतही तरतूद आहे: अमेरिकेत बँकिंगचा धंदा करणाऱ्या बँकेकडे, नोटिशीत तसे स्पष्ट लिहून, परदेशातल्या शाखेतली ठेव मागता येते. ही तरतूद मुख्यतः अमेरिकन बँकांच्या परदेशी शाखांना लागते. भारतीय बँकेची पुण्यातली शाखा भारतीय कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बांधलेली आहे, आणि न्यूयॉर्कच्या कागदावर ती पैसे सोडून देईल असे मानायला जागा नाही. तरीही "परदेशी शाखा म्हणजे संपूर्ण सुरक्षित" हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. उलट ज्या बँकेची अमेरिकेत शाखाच नाही तीही पूर्ण सुटत नाही, कारण डॉलरचे व्यवहार करायला तिला इथल्या बँकेत खाते ठेवावे लागते. वेगेलिन ही १७४१ साली स्थापन झालेली स्विस बँक. अमेरिकेत तिची एकही शाखा नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्या इथल्या खात्यातले १.६ कोटी डॉलरहून अधिक पैसे जप्त केले. अमेरिकन ग्राहकांना कर चुकवायला मदत केल्याचा आरोप होता. पुढच्या जानेवारीत बँकेने गुन्हा कबूल केला आणि दुकान बंद केले. हे फौजदारी प्रकरण होते, आपल्यासारख्यांच्या एफ.डी.चे नव्हे. पण अंतर हे काही कुलूप नव्हे, एवढे त्यातून दिसते.

नाक दाबले की

आता मुख्य मुद्दा. बँकेला सांगता येत नसेल तर तुम्हाला सांगता येते. थकबाकी ठरलेली असेल तर सरकार फेडरल कोर्टात जाऊन हुकूम मागू शकते: तुमचे परदेशातले पैसे अमेरिकेत आणा. हा हुकूम बँकेला नसतो, तुम्हाला असतो. मानला नाही तर कोर्टाचा अवमान.

या बाबतीत वकील मंडळी अजूनही एक जुनी गोष्ट सांगतात. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका माणसाला आयरिश स्वीपस्टेक्सची लॉटरी लागली. त्याने कर न भरता पैसे इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरच्या बँकेत ठेवले. कर चुकवल्याची शिक्षा झाली ती झालीच. नंतर १९७८ मध्ये कोर्टाने पैसे परत आणायचा हुकूम दिला. त्याने साफ नकार दिला आणि अवमानापायी काही महिने तुरुंगात काढले. पैसे शेवटपर्यंत जर्सीतच राहिले असतील कदाचित. पण त्यासाठी त्याने काय मोजले ते पाहा. आपल्यापैकी किती जण एच-१बी, ग्रीन कार्ड किंवा नोकरीच्या सिक्युरिटी क्लिअरन्ससह हे सहन करू शकतील?

२०१५ च्या एका कायद्याने आणखी एक आकडी बसवली. व्याज-दंडासह थकबाकी ठरावीक रकमेच्या वर गेली, तर आय.आर.एस. परराष्ट्र खात्याला कळवते आणि अमेरिकन पासपोर्ट नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो. ही मर्यादा सुरुवातीला ५०,००० डॉलर होती, महागाईप्रमाणे वाढत आता ६०,००० च्या पुढे गेली आहे. हप्ते बांधून घेतले असतील तर ही वेळ येत नाही. आजारी आईला भेटायला रात्रीतून विमान पकडावे लागणाऱ्या माणसासाठी ही जप्ती एफ.डी.च्या जप्तीपेक्षा मोठी आहे.

त्यांना कळते कसे

पूर्वी कळत नसे, हे खरे. २०११ च्या एप्रिलमध्ये ते बदलायला लागले. त्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टाने आय.आर.एस.ला परवानगी दिली की एच.एस.बी.सी.च्या अमेरिकन बँकेकडून, एच.एस.बी.सी. इंडियात खाती असलेल्या अमेरिकावासीयांची नावे मागवा. कोणाचेही नाव माहीत नसताना काढलेले हे समन्स होते. सरकारचे म्हणणे असे होते की बँकेचे असे ग्राहक हजारोंच्या संख्येने आहेत, आणि ही खाती जाहीर करणारे १,४०० सुद्धा नाहीत. पुढच्या काही वर्षांत न्यू जर्सी, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया इथल्या भारतीय वंशाच्या व्यावसायिकांवर आणि डॉक्टरांवर खटले झाले. कॅलिफोर्नियातल्या एका उद्योजकाला सहा महिने तुरुंग झाला आणि १ कोटी डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. यातली माणसे कोणी तस्कर नव्हती. मंडळाच्या गणपतीला शेजारी बसतील अशीच होती.

आता समन्सचीही गरज उरलेली नाही. फॅटका कायदा २०१० चा. भारत आणि अमेरिका यांनी ९ जुलै २०१५ रोजी त्यासाठीचा करार केला. त्यानुसार भारतातल्या बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अमेरिकन खातेदारांची माहिती भारताच्या आयकर खात्याला देतात आणि तिथून ती आय.आर.एस.कडे जाते. बँकेने तुमच्याकडून सोशल सिक्युरिटी नंबर लिहिलेला एक स्वयंघोषणेचा कागद सही करून घेतला असेल, तो हाच. अनेकांना आठवत असेल, जुलै २०१४ ते ऑगस्ट २०१५ या काळात उघडलेल्या ज्या खात्यांवर हा कागद ३० एप्रिल २०१७ पर्यंत दिला गेला नाही, ती खाती अडवण्याचा आदेश निघाला होता. पैसे अडले ते असे, भारतातच, भारतीय आदेशाने.

पैसे खरोखर जातात ते कशात

कर बहुधा थोडाच निघतो. एन.आर.ओ. खात्याच्या व्याजावर भारतात ३० टक्क्यांच्या वर कापला जातोच, त्याची वजावट इथे मिळते. एन.आर.ई.चे व्याज भारतात करमुक्त असले तरी इथे ते करपात्र आहे, हे मात्र निम्म्या मंडळींना माहीत नसते. एफ.डी. पाच वर्षांची असली तरी व्याज साधारणपणे दरवर्षी दाखवावे लागते.

खिसा कापतो तो दंड. तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफ-बार, म्हणजे फिनसेन फॉर्म ११४, भरावा लागतो. हा अर्थखात्याकडे ऑनलाइन जातो, रिटर्नला जोडायचा नसतो. मुदत १५ एप्रिल, न जमल्यास आपोआप १५ ऑक्टोबर. याशिवाय रक्कम मोठी असेल तर रिटर्नसोबत फॉर्म ८९३८ वेगळा. अमेरिकेत राहणाऱ्या आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी त्याची मर्यादा वर्षाखेर १ लाख किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलर आहे. बचत खाते, एफ.डी., पी.पी.एफ., डिमॅट, म्युच्युअल फंड, रोख मूल्य असलेली एल.आय.सी. पॉलिसी हे सगळे हिशेबात येते. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट आणि लॉकरमधले सोने येत नाही. आजीच्या पाटल्या सुखरूप आहेत.

एफ-बार जाणूनबुजून टाळल्याचे सिद्ध झाले, तर दंड खात्यातल्या रकमेच्या निम्मा किंवा १ लाख डॉलर (महागाईने वाढलेला आकडा आणखी मोठा), यातला जो जास्त तो. अनवधानाने राहिला तर मूळ १०,००० डॉलरपर्यंत, जो आता १६,००० च्या पुढे आहे. हा प्रत्येक खात्याला की प्रत्येक फॉर्मला, यावर वर्षानुवर्षे वाद होता. २०२३ च्या फेब्रुवारीत बिटनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: फॉर्मला एकदाच. त्या माणसाचा दंड २७ लाख २० हजार डॉलरवरून ५०,००० वर आला. आपल्याकडे एकेका घरात दहा-दहा एफ.डी. असतात, त्यामुळे हा निकाल आपल्यासाठी मोठाच.

कायद्याच्या दृष्टीने हा दंड 'कर' नाही. त्यामुळे वर सांगितलेली आय.आर.एस.ची नेहमीची जप्ती यासाठी चालत नाही. सरकारला दंड ठरवल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. दावा जिंकला की मात्र वसुलीची दारे उघडतात, आणि टॅक्स रिफंड किंवा सोशल सिक्युरिटीतून वळतेही करून घेता येते.

आई-वडिलांबरोबरचे खाते

आपल्यातली बहुतेक गुंतागुंत इथे आहे. दादांनी निवृत्तीचे पैसे टाकले, "आम्हा दोघांना काही झाले तर तुला काढता यावेत" म्हणून मुलाचे नाव दुसरे लावले. मुलाने त्यातला रुपया कधी पाहिला नाही. तरी नाव असल्यामुळे त्याच्या एफ-बारमध्ये खात्याची संपूर्ण शिल्लक दाखवावी लागते, निम्मी नव्हे. दाखवली म्हणजे त्यावर कर लागतो असे नाही. पैसे दादांचे असतील तर व्याजही दादांचे, फक्त ते कागदावर दिसले पाहिजे: पेन्शन जमा होते ते पासबुक, ग्रॅच्युइटीचे पत्र, भारतातले त्यांचे आयकर रिटर्न. उद्या मुलावर थकबाकी निघाली आणि परदेशातली रक्कम आणण्याचा प्रश्न आला, तर हे पैसे मुलाचे नाहीत हे सांगायला हेच कागद लागतील. ते दादा असतानाच गोळा करावेत.

नुसते नॉमिनी असाल तर दादा हयात असेपर्यंत ते खाते तुमचे नाही. पण कुलमुखत्यारपत्रावर त्यांच्या खात्यात सही करत असाल, तर सहीच्या अधिकारामुळे तेही एफ-बारमध्ये येते. आणि दादांनी जुना वाडा विकून एका वर्षात १ लाख डॉलरहून अधिक रक्कम तुम्हाला दिली, तर देणगीवर इथे कर नसला तरी फॉर्म ३५२० भरावा लागतो, नाहीतर त्याचाही दंड आहे.

नाव काढून टाकणे हा भविष्यासाठी ठीक उपाय आहे. मागची वर्षे त्याने पुसली जात नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला बँकेत एकटे सोडण्याआधी घरात बसून विचार करावा.

मागचे राहून गेले असेल तर

मोठी माफी योजना २८ सप्टेंबर २०१८ रोजी बंद झाली. 'स्ट्रीमलाइन्ड' नावाची दुसरी वाट मात्र राहिली. चूक जाणूनबुजून नव्हती अशी सही करून मागची ३ वर्षे सुधारित रिटर्न आणि ६ वर्षे एफ-बार भरायचे. अमेरिकेत राहणाऱ्यांना दंड ५ टक्के, तोही न दाखवलेल्या मालमत्तेच्या सर्वोच्च वर्षाखेरच्या रकमेवर. अट एकच, आय.आर.एस.ने तुमची तपासणी सुरू करण्याआधी जायला हवे. ती सही खोटी असेल तर तोच नवा गुन्हा होतो. व्याज सगळे दाखवलेले होते, फक्त एफ-बारचा फॉर्म राहिला, अशांसाठी याहून सोपी पद्धत आहे. "या वर्षीपासून गुपचूप भरायला लागू, मागचे जाऊ दे" हा आपल्याकडचा लाडका मार्ग सर्वांत धोक्याचा, कारण खाते उघडल्याची जुनी तारीख बँकेच्या नोंदीत असतेच.

कायमचे परत जाणाऱ्यांसाठी

नागरिकत्व घेतले असेल तर पुण्यात राहूनही रिटर्न आणि एफ-बार चालूच राहतात. ग्रीन कार्ड कपाटात ठेवून दिले म्हणजे संपले, असेही नाही. फॉर्म आय-४०७ भरून ते रीतसर परत करावे लागते, आणि किमान ८ वर्षे कार्डधारक असाल तर त्याआधी वकिलाला विचारावे. दहा वर्षे बाहेर काढली की थकबाकी संपते, हाही गैरसमज: सलग ६ महिने किंवा अधिक काळ अमेरिकेबाहेर असाल तर मुदतीचे घड्याळ थांबते. इथे मागे राहिलेले ४०१-के आणि घर त्यांच्या हातात आहेच.

तिकडे उलटा खेळ सुरू होतो. भारतात पूर्ण रहिवासी झालात की आपल्या अमेरिकन खात्यांची यादी भारतीय रिटर्नमध्ये द्यावी लागते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून इतर मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे. भारतीय आयकर खाते न्यू जर्सीच्या बँकेतून पैसे उचलू शकत नाही. पुण्यातल्या बचत खात्यातून, त्याच थकबाकीसाठी, उचलू शकते.